डायोक्लेशन: कोणत्या सुधारणा टिकल्या, कोणत्या कोसळल्या आणि का

प्रश्न थोडक्यात असा: डायोक्लेशनने (राज्यकाळ इ.स. 284 ते 305) बुडत्या रोमन साम्राज्याला सावरलं, असं एकीकडे वाचायला मिळतं. दुसरीकडे त्याचं भावनियंत्रण, ख्रिस्ती लोकांचा छळ आणि चौघांचं राज्य या तिन्ही गोष्टी फसल्या, असंही लिहिलेलं असतं. मग त्याला यशस्वी म्हणायचं की अयशस्वी?

दोन्ही म्हणणी खरी आहेत आणि त्यांच्यामधली हद्द बऱ्यापैकी स्पष्ट दाखवता येते. डायोक्लेशन हा मुळात मोजणी आणि मांडणी करणारा राज्यकर्ता. अडचण कुठलीही असो, तिचे भाग पाडायचे, प्रत्येक भागावर जबाबदार माणूस नेमायचा, आकडा ठरवून द्यायचा, ही त्याची रीत. जमीन, छावण्या, प्रांत, सरहद्द या जागच्या न हलणाऱ्या गोष्टींना ही रीत लागू पडली आणि तिचं फळ पुढे कित्येक पिढ्या टिकलं. व्यापारी माल बाहेर काढतो की नाही, भक्त आपला देव सोडतो की नाही, बाप मुलाला बाजूला सारतो की नाही, हे मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. तिथे तीच रीत हरली.

आधी रोग काय होता ते पाहू. 235 ते 284 या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट झाले आणि त्यांतले बहुतेक आपल्याच सैनिकांच्या किंवा अधिकाऱ्यांच्या हातून मेले. 260 मध्ये सम्राट वलेरियन इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. पश्चिमेला गॉल आणि पूर्वेला पाल्मिरा वेगळी राज्यं होऊन बसली. ऑरेलियनने (270 ते 275) ती पुन्हा जोडली, पण त्यालाही त्याच्याच माणसांनी संपवलं. याचं कारण निव्वळ महत्त्वाकांक्षेत शोधू नये. ऱ्हाईन, डॅन्यूब आणि युफ्रेटिस अशा तीन आघाड्या एकाच वेळी पेटत आणि सम्राट एकच असे. तो जिथे नाही, तिथल्या फौजेला आपला पगार, बक्षिसं आणि संरक्षण यांची हमी देणारा कुणीतरी जवळ हवा असे. मग ती आपल्या सेनापतीलाच सम्राटपदाचा जांभळा झगा चढवी. नवा सम्राट जुन्यावर चालून जाई, तेवढ्यात त्याने सोडलेली सरहद्द मोकळी पडे आणि शत्रू आत शिरे.

डायोक्लेशन स्वतः याच साखळीतून वर आला. डाल्मेशियातल्या सलोना शहराच्या परिसरातला, हलक्या घराण्यातला हा माणूस. मूळ नाव डायोक्लीझ. सम्राट कारस इराणच्या मोहिमेत 283 मध्ये मेला. त्याचा मुलगा न्यूमेरियन सैन्यासह परतत होता. डोळे आले आहेत म्हणून तो बंद पालखीत असतो, असं सैनिकांना सांगितलं जाई. दुर्गंधी सुटली तेव्हा आत प्रेत सापडलं. 20 नोव्हेंबर 284 रोजी निकोमीडियाजवळ (आजचं तुर्कस्तानातलं इझमित) सैन्याने संरक्षक दलाचा प्रमुख असलेल्या डायोक्लीझला सम्राट म्हणून निवडलं. त्याने सगळ्यांसमोर तलवार उपसली आणि न्यूमेरियनचा सासरा, प्रिटोरियन प्रमुख (सम्राटाखालचा सर्वोच्च अधिकारी) एपर, याला खुनी ठरवून जागेवरच ठार केलं. पश्चिमेला कारसचा दुसरा मुलगा कॅरिनस उरला होता. 285 मध्ये मोरावा नदीजवळच्या लढाईत तो आपल्याच माणसाकडून मारला गेला. यानंतर डायोक्लेशनने सूड घेतला नाही. कॅरिनसचा प्रिटोरियन प्रमुख ॲरिस्टोब्युलस याला त्याने पदावर तसंच ठेवलं. पन्नास वर्षांच्या रक्तपातानंतर ही गोष्ट लोकांच्या डोळ्यांत भरली.

त्यानंतरचं पाऊल सगळ्यांत महत्त्वाचं. 285 मध्ये त्याने आपला जुना लष्करी सोबती मॅक्झिमियन याला सीझर (दुय्यम सम्राट) केलं आणि 1 एप्रिल 286 रोजी बरोबरीचा ऑगस्टस (मुख्य सम्राट). मॅक्झिमियन कसलेला लढवय्या होता, पण धोरण ठरवण्याची हौस त्याला नव्हती, आणि तो वीस वर्षं डायोक्लेशनच्या शब्दाबाहेर गेला नाही. डायोक्लेशनने स्वतःला देवांचा राजा ज्युपिटर याचा, तर मॅक्झिमियनला ज्युपिटरचा पराक्रमी मुलगा हर्क्युलिस याचा म्हणवलं. योजना कुणाची आणि तडीस नेणारा कोण, हे त्या दोन नावांतूनच प्रजेला कळत होतं. 286 मध्येच आरमाराचा अधिकारी कॅरॉसियस ब्रिटन घेऊन वेगळा झाला आणि मॅक्झिमियनला तो आवरेना. म्हणजे दोघेही कमीच पडत होते. 1 मार्च 293 पासून कॉन्स्टँशियस आणि गलेरियस असे दोन सीझर आले. कॉन्स्टँशियसने आपली आधीची जोडीदारीण हेलेना हिला सोडून मॅक्झिमियनच्या घरातली थिओडोरा केली, गलेरियसला डायोक्लेशनची मुलगी व्हॅलेरिया दिली.

साम्राज्याचे चार तुकडे केले, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. कायदे चौघांच्या नावाने निघत, नाणी एकाच नमुन्याची होती, आणि शेवटचा शब्द डायोक्लेशनचा असे. वाटून दिल्या होत्या त्या फौजा आणि आघाड्या. रोम शहर कुणाचंच ठाणं राहिलं नाही. ट्रियर, मिलान, सिर्मियम, निकोमीडिया, अँटिओक ही सरहद्दीच्या आणि मुख्य रस्त्यांच्या जवळची शहरं राजधान्या झाली. स्वतः डायोक्लेशनचं रोमला जाणं फार विरळ.

ही रचना किती उपयोगी होती हे 296 ते 298 या काळात दिसलं. कॉन्स्टँशियसने 296 मध्ये ब्रिटन परत घेतलं. मॅक्झिमियन आधी ऱ्हाईनवर पहारा देत होता, मग उत्तर आफ्रिकेतल्या टोळ्यांवर गेला. इजिप्तमध्ये बंड झालं, तेव्हा डायोक्लेशन स्वतः अलेक्झांड्रियाला सुमारे आठ महिने वेढा घालून बसला. इराणचा नार्सेह चालून आला, त्याच्यावर गलेरियस. एकटा सम्राट असता तर यांतली निदान दोन ठिकाणं हातची गेली असती आणि तिथे नवे सम्राट उभे राहिले असते. गलेरियस पहिल्यांदा कार्‍हीच्या परिसरात सडकून हरला. डायोक्लेशनने त्याला अंगावर जांभळी वस्त्रं असताना आपल्या रथाबरोबर मैलभर पायी चालवलं, असं चौथ्या शतकातले लेखक सांगतात. 298 मध्ये गलेरियस आर्मेनियाच्या डोंगराळ मुलखातून गेला. तिथे इराणी घोडदळाला मोकळं मैदान मिळालं नाही, आणि नार्सेहच्या छावणीसह त्याचा जनानखाना हाती लागला. पुढच्या वर्षीच्या तहात टायग्रिसपर्यंतचा मुलूख मिळाला आणि दोन्ही राज्यांचा व्यापार निसिबिस या एकाच ठिकाणाहून होईल असं ठरलं. पूर्वेकडून येणाऱ्या मालावर जकात बसवायला आणि हेर हुडकायला एकच नाकं सोपं पडतं. मिळवलेला मुलूख 363 पर्यंत रोमकडे राहिला.

आता अंतर्गत रचना. सुमारे 50 प्रांतांचे त्याने शंभराच्या आसपास प्रांत केले. त्यांचे 12 गट पाडले, प्रत्येक गटाला डायोसीझ म्हणत आणि त्यावर व्हिकारियस नावाचा एक अधिकारी नेमला. सरहद्दीवरच्या प्रांतांत फौज डक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याकडे गेली. न्याय आणि वसुली मुलकी अधिकाऱ्याकडे राहिली. यातली मेख अशी की ज्याच्या हाती फौज, त्याच्या हाती कोठार नाही. धान्य आणि पैसा वेगळ्या माणसाकडून मागून घ्यावा लागला की बंड करणं अवघड होतं. प्रांत लहान झाल्याने अधिकारी शहराशहरांत पोचू लागला, जुन्या तक्रारींचा निकाल लागू लागला. इटलीची शेकडो वर्षांची जमीनमहसुलाची माफीही त्याने संपवली. किंमत अर्थातच मोजावी लागली. देणाऱ्यांपेक्षा घेणारे जास्त झाले, ही त्या काळातली बोचरी तक्रार लॅक्टँशियसची आहे. हा ख्रिस्ती शिक्षक निकोमीडियात होता आणि त्याचा डायोक्लेशनवर राग होता, म्हणून त्याचे आकडे जपून घ्यावेत, पण तक्रारीत तथ्य आहे.

फौजेचा एक नेमका आकडा सहाव्या शतकातला सरकारी अधिकारी जॉन लायडस देतो: डायोक्लेशनच्या काळी 3,89,704 सैनिक आणि आरमारावर 45,562. इतका सुटा आकडा कुठल्यातरी कार्यालयातल्या हजेरीपटावरूनच आलेला असणार. सीरियात दमास्कसपासून पाल्मिरामार्गे युफ्रेटिसपर्यंत किल्ल्यांची रांग असलेला रस्ता त्याच्या नावाने ओळखला जातो. इजिप्तमध्ये मात्र त्याने सरहद्द मागे घेऊन नाईलच्या पहिल्या धबधब्यापाशी आणली, कारण त्यापलीकडच्या पट्टीचा महसूल तिथल्या शिबंदीच्या खर्चालाही पुरत नव्हता. आणि लक्झरच्या जुन्या देवळाची त्याने लष्करी छावणी केली. तिथल्या एका दालनात चौघा सम्राटांची भित्तिचित्रं आजही ओळखू येतात.

एवढ्या फौजेला खायला घालायचं तर सारा हवा. इथे डायोक्लेशनचं सर्वोत्तम काम आहे, आणि सामान्य पुस्तकांत त्याला चार ओळीही मिळत नाहीत. आधीच्या पन्नास वर्षांत नाण्याची किंमत इतकी घसरली होती की फौज वाटेतल्या गावांकडून धान्य, चामडं, जनावरं, कपडे सरळ उचलून नेई. रस्त्यालगतचं गाव धुऊन निघे, आडबाजूचं सुखरूप राही. डायोक्लेशनने ही लूट मोजमापात बसवली. जमिनीचा एक कल्पित एकक धरला, युगुम; आणि माणसांचा एक, कापुट. सीरियाच्या कायदेग्रंथात युगुमचं कोष्टक टिकून आहे. तिथलं मोजमाप युगेरममध्ये आहे. एक युगेरम म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण 25 गुंठे. 5 युगेरम द्राक्षमळा म्हणजे एक युगुम. पहिल्या प्रतीची पेरणीची जमीन 20 युगेरम, मध्यम 40, हलकी 60, यांचाही प्रत्येकी एकच युगुम. ऑलिव्हबागा वेगळ्या मापाने मोजल्या जात, आणि डोंगरावरच्या बागेला सपाटीवरच्या बागेच्या दुप्पट माप होतं. म्हणजे सारा क्षेत्रावर न बसता उत्पन्नाच्या ताकदीवर बसला.

सरकारने वर्षाची गरज काढायची, एकूण युगुमांनी भागायचं, आणि प्रत्येकाचा वाटा जाहीर करायचा. असा साधा भागाकार रोमन राज्यात यापूर्वी कधी झाला नव्हता. खऱ्या अर्थाने अंदाजपत्रक म्हणता येईल अशी ही पहिलीच व्यवस्था. इजिप्तचा प्रमुख अधिकारी ॲरिस्टियस ऑप्टॅटस याचा 16 मार्च 297 चा जाहीरनामा सापडला आहे. जमिनीच्या प्रतीनुसार एकरी किती आणि माणशी किती, हे प्रत्येकाला कळलं पाहिजे, आणि जाहीरनाम्याच्या प्रती गावोगाव पाठवाव्यात, असं त्यात बजावलं आहे. हे सगळं एका दिवसात साधलं नाही. प्रत्येक प्रांतातलं कोष्टक वेगळं होतं. मोजणीदारांचा जाच होई. आणि मोजणीनंतर माणूस गाव सोडून गेला तरी त्याचा वाटा गावाकडून वसूल होई, म्हणून पुढच्या पिढीत कुळाला जमिनीशी बांधून ठेवणारे कायदे आले. तरीही कॉन्स्टंटाईनपासून पुढच्या सम्राटांनी हीच पद्धत चालू ठेवली, यावरून ती चालत होती हे उघड आहे.

इजिप्तमधल्या पनोपोलिस या गावच्या पपायरसांवरून (लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या लिखाणावरून) या यंत्रणेचं रोजचं काम दिसतं. 298 मध्ये डायोक्लेशन वरच्या इजिप्तमध्ये येणार होता. तिथला अधिकारी नगरपरिषदेच्या अध्यक्षाला पत्रांवर पत्रं पाठवतो: कोठारांवर माणसं नेमा, बेकरी दुरुस्त करा, सैन्याच्या पावाची सोय करा. अध्यक्ष नावं कळवत नाही, कारण ज्याचं नाव जाईल त्याला खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागणार. सम्राटाचा हुकूम शेवटी अशा एखाद्या गावच्या चालढकलीपाशी येऊन थांबे. पुढे जे फसलं त्याची बीजं इथेच दिसतात.

आता पैसा. तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर चांदीच्या म्हणवल्या जाणाऱ्या नाण्यात चांदी शेकडा पाचाच्याही खाली गेली होती. वर नुसता मुलामा. डायोक्लेशनने सोन्याचं नाणं एका रोमन पौंडाला (सुमारे 325 ग्रॅम) 60 या प्रमाणात आणलं, म्हणजे एकेक सुमारे 5.4 ग्रॅमचं. 294 च्या सुमारास पौंडाला 96 अशी जवळजवळ शुद्ध चांदीची नाणी काढली, आणि सुमारे 10 ग्रॅमचं मोठं तांब्याचं नाणं, नुम्मुस, ज्यात नाममात्र चांदी होती. सोनं आणि चांदी कसाला खरी उतरली. दुखणं तांब्यात राहिलं. फौजेच्या खर्चासाठी ही नाणी प्रचंड प्रमाणात पाडली गेली आणि त्यांच्यावर धातूच्या कितीतरी पट किंमत लादली गेली. जुनी हिणकस नाणी गोळा करून वितळवलीही नाहीत. मग 1 सप्टेंबर 301 पासून नाण्यांची हिशेबी किंमत दुप्पट केली, चांदीच्या नाण्याचे 100 डिनारियस (हिशेबाचं एकक) ठरले. आशिया मायनरमधल्या ॲफ्रोडिसियसच्या शिलालेखात हा हुकूम आहे. सरकारला वाटलं, सैनिकाच्या हातचा पैसा दुप्पट झाला. बाजाराने भाव वाढवले.

त्या उपायाने भाव भडकले म्हणून आणखी एक उपाय निघाला, तो प्रसिद्ध भावपत्रकाचा. हा हुकूम 301 च्या नोव्हेंबर अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला निघाला. त्यात हजाराहून अधिक वस्तू आणि मजुऱ्यांची कमाल मर्यादा आहे. छावणीच्या मापाने एक मोदियस (धान्याचं माप) गहू 100 डिनारियस, जव 60. एक रोमन पौंड डुकराचं मांस 12, गाईबैलाचं 8. साधी वाईन मापाला 8, उंची फालेर्नियन 30. उत्तम ऑलिव्ह तेल 40, साधं 12. शेतमजुराला जेवण घालून रोजी 25, गवंडी आणि सुताराला 50, भिंत रंगवणाऱ्याला 75, चित्रकाराला 150. न्हाव्याला माणशी 2. अक्षरओळख शिकवणाऱ्या गुरुजींना दर मुलामागे महिना 50, हिशेब शिकवणाऱ्याला 75, व्याकरणाच्या शिक्षकाला 200, वक्तृत्वाच्या शिक्षकाला 250. दावा चालवणाऱ्या वकिलाला 1,000. जांभळ्या रंगात रंगवलेलं एक पौंड रेशीम दीड लाख, आणि आफ्रिकेचा सिंहही दीड लाख. शेतमजुराच्या सहा हजार दिवसांच्या रोजी एवढ्या रकमेत एक पौंड रेशीम! त्या समाजातली दरी दाखवणारा याहून नेमका पुरावा मला माहीत नाही.

भावपत्रक का फसलं, याचं उत्तर त्याच्याच आकड्यांत आहे. पहिली गोष्ट वाहतुकीची. अलेक्झांड्रियाहून रोमपर्यंत जहाजाने गहू न्यायचं भाडं मोदियसला 16 डिनारियस, म्हणजे कमाल भावाच्या शेकडा 16. बाराशे पौंडांच्या गाडीचं भाडं मैलाला 20. गाडीने गहू काहीशे मैल नेला की भाड्यातच त्याची किंमत उठे. पण हुकुमात गव्हाची मर्यादा सगळ्या ठिकाणी एकच. जिथे पिकतं तिथे आणि जिथे दुष्काळ आहे तिथे भाव सारखाच, तर दुष्काळी गावाकडे गाडी कोण हाकेल? लांबून आणलेल्या मालावरही मर्यादा ओलांडायची नाही, असं प्रस्तावनेत स्पष्ट बजावलं आहे. दुसरी गोष्ट धातूची. भावपत्रकात चांदी पौंडाला 6,000 आणि सोनं 72,000 डिनारियस. पण त्याच चांदीची 96 नाणी पाडली की सरकारी दराने 9,600 होतात. म्हणजे नाण्याची किंमत धातूहून वर हे सरकारच लिहून देत होतं. बाजारात चांदीचा भाव त्या रेषेच्या वर गेला की नाणं वितळवण्यात फायदा. चांदीची ती नाणी पुढच्या काही वर्षांत व्यवहारातून दिसेनाशी झाली.

तिसरी गोष्ट शिक्षेची. जास्त भावाने विकणारा, त्याच्याशी संगनमत करून घेणारा आणि माल दडवणारा, तिघांनाही मृत्युदंड. शिक्षा इतकी कडक असली की विक्रेत्याला माल न आणणं हाच सुरक्षित मार्ग वाटतो. क्षुल्लक वस्तूंवरून रक्त सांडलं, भीतीने माल बाजारात येईना, महागाई उलट वाढली, आणि पुष्कळांचे प्राण गेल्यावर हुकूम आपोआप मागे पडला, असं लॅक्टँशियस सांगतो. शिलालेख ग्रीस, आशिया मायनर आणि इजिप्त या बाजूलाच सापडतात. मॅक्झिमियन आणि कॉन्स्टँशियसच्या मुलखात तो कोरलाच गेला नसावा, असं त्यावरून मानतात.

यावरून डायोक्लेशनला अर्थशास्त्र कळत नव्हतं, असा शेरा मारून मोकळं होणं मला पटत नाही. प्रस्तावनेत त्याचा राग कशावर आहे ते पाहावं: एका खरेदीत सैनिकाचा पगार आणि बक्षीस दोन्ही संपतात, यावर. सम्राटाच्या दृष्टीने हा फौजेच्या पोटाचा प्रश्न होता, आणि उपाशी फौज काय करते हे त्याने स्वतः पाहिलेलं होतं. पैशाचा प्रश्न पुढे सुटला तो कॉन्स्टंटाईनच्या सोन्याच्या नाण्याने, पौंडाला 72 या प्रमाणात, आणि तेही सोन्यापुरतंच; गरिबांच्या हातचं तांबं घसरतच राहिलं.

ख्रिस्ती लोकांचा छळ हाही त्याच रीतीचा भाग आहे. जुने देव प्रसन्न तर राज्य सुरक्षित, ही त्याची मनापासूनची समजूत होती. 302 मध्ये त्याने मानीपंथीयांविरुद्ध (इराणकडून आलेल्या मानी या धर्मसंस्थापकाच्या अनुयायांविरुद्ध) हुकूम काढला. 23 फेब्रुवारी 303 रोजी निकोमीडियातलं चर्च जमीनदोस्त केलं आणि दुसऱ्या दिवशी पहिला हुकूम लागला: इमारती पाडा, ग्रंथ जाळा, अधिकारपदावरच्या ख्रिस्ती लोकांची पदं काढा. पुढे धर्मगुरूंना कैद, मग देवांना आहुती दिल्यास सुटका, आणि 304 मध्ये सगळ्या प्रजेला आहुतीची सक्ती, असे एकूण चार हुकूम.

अंमलबजावणी कशी झाली याचे दोन कागद वाचण्यासारखे आहेत. अल्जीरियातल्या सिर्टा शहरात 19 मे 303 रोजी चर्चची झडती झाली, तिची यादी टिकली आहे: सोन्याचे 2 पेले, चांदीचे 6, बायकांचे 82 अंगरखे, पुरुषांचे 16, बायकांचे 47 जोड आणि पुरुषांचे 13 जोड पायताणं. गरिबांना वाटायचे कपडे असावेत ते. ग्रंथ मात्र चर्चमध्ये ते वाचून दाखवणाऱ्या ग्रंथवाचकांच्या घरोघरी होते आणि ते शोधत अधिकाऱ्यांना दारोदार फिरावं लागलं. दुसरा कागद इजिप्तचा, फेब्रुवारी 304 चा. एका गावच्या चर्चचा ग्रंथवाचक अमोनियस लिहून देतो की चर्चकडे थोड्या पितळी सामानाखेरीज काही नाही, आणि सही दुसरा माणूस करतो, कारण म्हणे ग्रंथवाचकाला लिहिता येत नाही. कार्थेजच्या बिशपने तर पाखंडी मानलेली पुस्तकं काढून दिली आणि अधिकारी ती घेऊन गेले. स्थानिक माणसाला शेजाऱ्याशी वैर नको असेल, तर हुकूम असा कागदावरच पुरा होतो. कॉन्स्टँशियसने गॉलमध्ये इमारती पाडण्यापलीकडे काही केलं नाही. पूर्वेकडे मात्र माणसं खरोखर मारली गेली, हातपाय तोडले गेले, खाणींत धाडली गेली, आणि तो क्रूरपणा कुठल्याही राज्यकारणाने झाकता येत नाही. 30 एप्रिल 311 रोजी मरणपंथाला लागलेल्या गलेरियसनेच छळ थांबवला. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आजही आपली कालगणना डायोक्लेशनच्या राज्यारोहणाच्या वर्षापासून, 284 पासून, करतात आणि तिला हुतात्म्यांचा शक म्हणतात. छळ करणाऱ्याचं नाव वर्षाला नको म्हणून 525 मध्ये डायोनिसियस नावाच्या मठवासीयाने ईस्टरच्या कोष्टकासाठी ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजली, आपण इ.स. लिहितो ती गणना तिथून आली.

राहिला वारसाचा प्रश्न. नोव्हेंबर 303 मध्ये रोमला राज्याची वीस वर्षं साजरी करून परतताना तो आजारी पडला आणि वर्षभर उठला नाही. 1 मे 305 रोजी निकोमीडियाबाहेर तीन मैलांवर, ज्युपिटरचा पुतळा असलेल्या खांबापाशी, त्याने सैन्यासमोर जांभळा झगा उतरवला. त्याच दिवशी मिलानला मॅक्झिमियननेही, मनाविरुद्ध. स्वखुशीने गादी सोडणारा हा पहिला रोमन सम्राट. दोन्ही सीझर ऑगस्टस झाले; नवे सीझर म्हणून सेव्हेरस आणि मॅक्झिमिनस डाया आले. सैनिकांना कॉन्स्टँशियसचा मुलगा कॉन्स्टंटाईन अपेक्षित होता. मॅक्झिमियनचा मुलगा मॅक्झेंशियस हाही डावलला गेला. डायोक्लेशनला स्वतःला मुलगा नव्हता, फक्त मुलगी. पात्र माणूस दत्तक घ्यायचा हा नियम त्याला सोपा होता. ज्यांच्या घरात तरणेताठे मुलगे होते त्यांना तो कधीच पटणार नव्हता. सैनिकांचीही निष्ठा घराण्याशी असे, पात्रतेच्या कोष्टकाशी नाही. 25 जुलै 306 रोजी कॉन्स्टँशियस यॉर्कला वारला आणि फौजेने तिथल्या तिथे कॉन्स्टंटाईनला सम्राट केलं. 28 ऑक्टोबरला रोममध्ये मॅक्झेंशियस उभा राहिला, मग म्हातारा मॅक्झिमियनही परतला. 310 पर्यंत सम्राटपदावर हक्क सांगणारे सात जण झाले होते.

11 नोव्हेंबर 308 रोजी डॅन्यूबकाठच्या कार्नुंटममध्ये डायोक्लेशनला पुन्हा गादी घ्यायची विनंती झाली. सलोनाला मी हाताने लावलेली कोबी पाहिलीत तर असं म्हणणार नाही, हे त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे. त्यावरून तो सुखाने बागकाम करत गेला असं समजू नये. मुलगी व्हॅलेरिया गलेरियसच्या मृत्यूनंतर डायाच्या तावडीत सापडली. तिला सोडा म्हणून डायोक्लेशनने वारंवार निरोप पाठवले आणि प्रत्येक वेळी नकार आला. फौज नसलेल्या माजी सम्राटाचा शब्द त्याच्याच नेमणुकीतला माणूस जुमानत नव्हता. डायोक्लेशन वारल्यानंतर व्हॅलेरिया आणि तिची आई प्रिस्का या दोघींना तेव्हाचा सम्राट लिसिनियस याच्या माणसांनी थेस्सलोनिकीला पकडून ठार केलं.

गादी सोडल्यावर डायोक्लेशन राहिला तो सलोनाजवळचा, आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिटचा वाडा पाहायला जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सुमारे 215 बाय 180 मीटरची ही वास्तू अर्धी राजवाडा आणि अर्धी छावणी आहे: चार बाजूंना दारं, कोपऱ्यांत बुरूज, आत काटकोनात रस्ते. पांढरा दगड समोरच्या ब्राच बेटाचा, काळे स्फिंक्स इजिप्तचे. समुद्राकडच्या वरच्या दालनांचा बहुतेक भाग गेला आहे, पण खालची तळघरं वरच्या खोल्यांच्या आकाराबरहुकूम बांधलेली असल्याने वर काय होतं ते खाली फिरून कळतं. म्हणून आधी तळघरं पाहावीत. त्याच्या अष्टकोनी समाधीचं आज कॅथेड्रल आहे, आणि ते ज्या संत डोम्नियसचं आहे तो बिशप 304 च्या छळातच सलोनाला मारला गेला.

वाचनाची सुरुवात भावपत्रकाच्या प्रस्तावनेपासून करावी, कारण तिथे सम्राटाचा स्वतःचा सूर ऐकू येतो. त्याच्या सोबत लॅक्टँशियस ठेवावा: प्रसंग, तारखा आणि जागा यांबाबत तो जवळचा साक्षीदार आहे, हेतूंबाबत तो विरोधी पक्षाचा वकील आहे. सम्राटाच्या स्तुतिपर भाषणांतून युद्धांचा क्रम घ्यावा, विशेषणं सोडावीत. आणि पपायरस कितीही रुक्ष वाटले तरी टाळू नयेत; हुकूम निघाला आणि हुकूम पाळला गेला यांतलं अंतर फक्त तिथेच मोजता येतं.